चार जुलैची चौथी नोंद

हेमा,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. तू गेल्याच्या धक्क्याच्या खालोखाल मॉरिसव्हिलच्या मराठी माणसांना याचाच धक्का बसला असावा. कुणाच्या बारशालाही माईक दिला तर तो परत घ्यायला दोन जण लागतात, असा हा मिलिंद, आणि हा नुसता तुझ्या फोटोला नमस्कार करून जागेवर जाऊन बसतो? मंडळाच्या जोशीकाकू मुद्दाम उठून माझ्याजवळ आल्या. "अरे, बरं आहे ना तुला?" मी म्हणालो, घसा बसलाय.

घसा ठणठणीत होता. तोंड उघडलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं, आणि समोर पहिल्याच रांगेत रेवा बसली होती.

आता लिहितोय. तुझ्या लेकीला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "लिही काका. पण सगळं लिही."

सगळं म्हणजे तुझ्या फळ्यापासून. तुला तुझीच गोष्ट सांगणं हा आगाऊपणा आहे, पण मुळापासून सुरुवात केल्याशिवाय मला साधा पत्ताही सांगता येत नाही, हे तू सतरा वर्षं ऐकून घेतलं आहेस. तुझे वडील, नाना, नागपूरच्या शाळेत मास्तर. रोज प्रार्थनेच्या आधी फळ्यावर दिनविशेष लिहायचे. आज अमक्याची जयंती, आज तमका शोध लागला. त्यांची मुलगी नॉर्थ कॅरोलायनात येऊन सॉफ्टवेअर टेस्टर झाली, म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेऊ लागली, आणि तिच्या पोटी आली रेवा. सात वर्षांची रेवा मराठी अक्षराकडे बघायला तयार नव्हती. तिला फक्त बेसबॉल कळायचा. घरात तुम्ही दोघीच. तू विनवलंस, ओरडलीस, लाच दिलीस. काही उपयोग झाला नाही. मग एक दिवस तू स्वयंपाकघरात पांढरा बोर्ड ठोकलास आणि त्यावर मराठीत लिहिलंस, आजच्या तारखेला बेसबॉलच्या इतिहासात काय घडलं ते. मोठ्यानं वाचल्याशिवाय पोहे मिळणार नव्हते.

पोरगी जोडाक्षरं 'स्ट्राइक'वरून शिकली. आपल्याकडे कुणी शिकलं असेल का असं?

गंमत म्हणजे तुला तेव्हा बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तू मला फोन करायचीस. "मिलिंद, हा माणूस चेंडू मारल्यावर बॅट फेकून का पळतो बाप्पा? भ्यायला का?" आणि मी, ज्याला क्रिकेटपलीकडे काही माहीत नव्हतं, पूर्ण आत्मविश्वासानं उत्तर द्यायचो. तू ते तपासायचीस, चूक निघायचं, मग तू दुसरा फोन करायचीस, मला शिव्या घालायला. तुझा नियमच होता. बोर्डावरच्या प्रत्येक नोंदीला दोन स्रोत हवेत, आणि ते खाली बारीक अक्षरात लिहायचे. एक स्रोत म्हणजे अफवा, असं तू म्हणायचीस. हे तू माझ्या नाटकांनाही लावलंस. गणेशोत्सवातल्या माझ्या प्रत्येक प्रयोगानंतर लोक पाठीवर थाप मारायचे आणि तू कागद द्यायचीस. 'दुसऱ्या अंकात खुर्ची आधी डावीकडे होती. काकांची काठी कुठे गेली? विधवा बाईचा नवऱ्याला फोन.' एवढं लक्ष देऊन माझं नाटक कुणी पाहिलं नाही, हेमा. आभार मानायचे राहून गेले. तेव्हा मी तो कागद चुरगळून तुझ्या चिवड्याच्या पिशवीत टाकला होता.

आणि आपलं ते भांडण. ते तसंच अर्धवट राहिलं. बेसबॉलमध्ये धावफलकावर धावा आणि हिट्स यांच्या शेजारी चुकांचाही रकाना असतो. कुणी सोपा झेल सोडला, कुणी वाकडा चेंडू फेकला, तर चूक त्या खेळाडूच्या नावावर कायमची चढते. मी म्हणायचो, हा क्रूरपणा आहे. आपल्याकडे झेल सुटला तर लोक दोन दिवस शिव्या देतात आणि विसरतात, ते किती बरं. तू म्हणायचीस, "विसरतात कुठे? फक्त लिहीत नाहीत. लिहिलं की माणूस मोकळा होतो." दर उन्हाळ्यात, छोट्या लीगच्या त्या मैदानावर, उकडलेल्या शेंगा खाताना आपण हे भांडलो. मी एकदाही हरलो नाही, कारण माझा आवाज मोठा होता.

तर चार जुलै.

चार वर्षांपूर्वीचा. तुझी केमो सुरू होऊन दोन महिने झाले होते. रेवा कॉलेजच्या सुट्टीत दुसऱ्या गावी, एका मैदानावर उन्हाळी कामाला. दुपारी मी डबा घेऊन आलो, तर तू डोक्याला ओढणी गुंडाळून बोर्डासमोर खुर्ची टाकून बसली होतीस. बोर्डावर तीन नोंदी होत्या. एरवी एक असायची.

तू वाचून दाखवलंस. १९०८, चार जुलै. एका गोलंदाजानं लागोपाठ सव्वीस फलंदाज बाद केले. सत्ताविसावा बाद झाला असता तर सामना परिपूर्ण, त्या खेळातली सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. त्या सत्ताविसाव्याला चेंडू अंगाला लागला आणि नियमाप्रमाणे तो बाद न होता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, चालत गेला. आधीचाच चेंडू तिसरा स्ट्राइक होता, तिसऱ्या स्ट्राइकला फलंदाज बाद व्हायला हवा होता, हे पंचानं नंतर कबूल केलं. नंतर! १९३९, चार जुलै. असाध्य आजार झालेला मोठा खेळाडू भरल्या मैदानात उभा राहिला आणि स्वतःला भाग्यवान म्हणवून निरोप घेऊन गेला. दोन वर्षांत वारला. १९८५, चार जुलै, अटलांटा. पावसानं रखडलेला सामना उजाडायला आला तरी संपेना. फलंदाज संपले म्हणून अठराव्या डावात एका गोलंदाजाला बॅट दिली. आयुष्यात कधी होमरन, म्हणजे आपल्याकडचा षटकार, न मारलेला तो माणूस, आता हरलोच अशा क्षणी त्यानं होमरन मारला, बरोबरी केली. पुढच्या डावात संघ पुन्हा मागे पडला, पुन्हा तोच फलंदाजीला आला, आणि तोच शेवटचा बाद झाला.

"या तारखेला कुणी जिंकतच नाही का बे?" तू म्हणालीस.

"जिंकले असतील की कितीतरी."

"असतील. बोर्डावर यावं असं कुणी नाही." मग ओढणी नीट करत, माझ्याकडे न बघता: "मला एक दे ना शोधून. एकच. ज्यात कुणी हरत नाही असं."

हेमा, इतक्या वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मी काय केलं, तर चहा टाकला. आलं किसलं. चहाला उकळी येईपर्यंत माझी गोष्ट तयार होती.

आपल्याच नॉर्थ कॅरोलायनातलं गिरणीचं एक छोटं गाव. गावाचं नाव मी हायवेवरच्या पाटीवरून उचललं. फार जुना काळ. गिरणीचा संघ छोट्या व्यावसायिक लीगमध्ये खेळायचा. खेळाडूंचे कपडे धुणारी एक बाई, तिचं घर मैदानाच्या कुंपणाला लागून. ती आजारी पडली, अंथरुणाला खिळली. खिडकीतून तिला मैदानाची फक्त मागची बाजू दिसायची, फलंदाज दिसायचा नाही. मग चार जुलैच्या सकाळी खेळाडूंनी बेस उखडले आणि अख्खं मैदान फिरवलं. होम प्लेट, जिथे फलंदाज उभा राहतो ती, तिच्या खिडकीसमोर आणून ठेवली.

तू कप खाली ठेवलास. "मग?"

इथे थांबायला हवं होतं मला. पण समोर ऐकणारं माणूस 'मग' म्हणालं की मी आजवर कधी थांबलोय?

"मग काय, बाई बरी झाली. त्यानंतर अकरा सीझन बघितले तिनं त्या खिडकीतून."

"स्रोत?"

"मी वाचलंय. जुन्या कुठल्याशा अंकात."

टेस्टिंग करताना एखादी स्क्रीन मुद्दाम बरोबर वागतेय असा संशय आल्यावर तू जशी बघायचीस, तशी बघितलंस माझ्याकडे. मी पापणी लववली नाही. नट आहे मी. मग तू खुर्चीचा हात धरून उठलीस, आणि चौथी नोंद लिहिलीस, सबंध, सुंदर अक्षरात. खाली बारीक: 'स्रोत : मिलिंद. दुसरा : शोधणे.'

तू उठून उभी राहिलीस याचा मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी गाडीत गात होतो. गात होतो, हेमा!

नंतर सांगायचं ठरवलं होतं. जरा बरी झाली की सांगू, तिला हसायला येईल, महिनाभर 'बाताड्या' म्हणेल. पण तू त्या अकराला धरून बसलीस. पहिल्या वर्षाचा रिपोर्ट चांगला आला, तुझा मेसेज: 'एक झाला. दहा राहिले.' दुसऱ्या वर्षी गाठ परत आली तरी: 'दोन झाले.' अशा बाईला कसं सांगायचं? मला सांग, कोणत्या तोंडानं? दर चार जुलैला तू ती नोंद पुन्हा लिहायचीस, आणि दर चार जुलैला मी मिटक्या मारत तुझ्याकडची संत्रा बर्फी खायचो.

जून लागला आणि तू गेलीस. पाचवा सीझन अर्धाही झाला नव्हता.

शोकसभेनंतर आठवड्यानं रेवाचा फोन आला. ती आता तासाभरावरच्या त्या छोट्या संघाचं रेडिओवर समालोचन करते, ते तुझ्या बोर्डामुळेच, हे ती सगळ्यांना सांगते. "काका, फोर्थला आमची होम गेम आहे. मी आईचा बोर्ड ऑन एअर वाचणार. आधी मराठीत, मग इंग्लिशमध्ये. चारही. लास्ट वाली तर ऐकून सगळे रडणार. तू येशील ना?"

"वा!" मी म्हणालो. सवयीनं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी कशाला 'वा' म्हणालो ते.

ती तिथे नोकरी करते. ऐकणारे गावोगावचे म्हातारे आहेत, ज्यांना प्रत्येक मैदानाचा प्रत्येक खांब माहीत आहे. त्यातला एक जण फोन करून म्हणेल, पोरी, हे कधी घडलंच नाही. आणि आईच्या नावानं, आईला जाऊन महिना झाला असताना, ती सगळ्यांसमोर खोटी पडेल. मी दुसऱ्या दिवशी तिला म्हणून बघितलं, "तीनच वाच ना, वेळ कमी असतो." ती म्हणाली, "आर यू किडिंग? चौथी तिची फेव्हरेट होती."

मग मी काय केलं ऐक. हस हवं तर. मी माझ्याच थापेचा पुरावा शोधायला लागलो. मला वाटलं, एवढा मोठा देश, एवढी गावं, एवढी मैदानं, कुणीतरी, कधीतरी, कुणासाठी तरी मैदान फिरवलं असेल. नसेल चार जुलैला, पाच जुलैला असेल. आजारी बाई नसेल, लंगडा म्हातारा असेल. चालेल! मी ऑफिसात मीटिंग चालू असताना जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली पानं चाळत होतो. देवावर माझा विश्वास किती ते तुला माहीत आहे, पण मी गणपतीपुढे उभा राहून म्हणालो, बाबा, हे घडलेलं असू दे. झालेल्या गोष्टी बदलून मागणारा मी पहिलाच भक्त नसेन.

शेवटी ज्या गावाची पाटी मी उचलली होती, तिथल्या वाचनालयात फोन केला. एक वयस्कर बाई बोलली. मी गोष्ट सांगायला सुरुवात केली, तर दुसऱ्याच वाक्याला ती म्हणाली, "कपडे धुणारी बाई ना? खिडकी?"

मला क्षणभर वाटलं, गणपतीनं ऐकलं.

"तुम्हाला माहीत आहे?"

"एक बाई दर जूनमध्ये फोन करते ना याच्यासाठी. हेमा. फार गोड बोलते. गिरणीचे कागद आमच्याकडे खोक्यांत पडलेत, सगळे अजून उघडलेले नाहीत. मी दर वर्षी एक-दोन खोकी तिच्यासाठी बघते आणि सांगते, नाही सापडलं. ती म्हणते, काही घाई नाही, माझ्याकडे वेळ आहे." मग म्हणाली, "यंदा तिचा फोन नाही आला. बरी आहे ना ती?"

मी फोन ठेवून दिला. त्या बाईला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

त्याच दुपारी रेवाला फोन केला. माझं बोलून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे कुणीच मैदान फिरवलं नाही."

"नाही."

"अँड द इलेव्हन सीझन्स?"

"तेही मीच."

मग ती बोलली, आणि हेमा, ती ओरडली असती तर मी सहन केलं असतं. ती तुझ्यासारखी, शांतपणे, एकेक मुद्दा मांडत बोलली. "काका, लास्ट डिसेंबरला मी आईला म्हटलं, चल नागपूरला जाऊ, नानांना भेटू. डॉक्टर म्हणाले होते, जायचं तर आत्ता जा, नवीन ट्रीटमेंट नंतर सुरू करू. मी तिकिटंसुद्धा बघितली होती. तर आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, अकरातले चारच झालेत. ही ट्रीटमेंट आधी पूर्ण करते, पुढच्या हिवाळ्यात जाऊ, संत्र्यांच्या दिवसात." मग म्हणाली, "काका, डिड यू इव्हन लुक? तिनं तुला शोधून मागितली होती ना? बनवायच्या आधी तू पाच मिनिटं तरी शोधलीस?"

नाही शोधली. चहा उकळत होता.

तू खरंच त्या अकरावर विसंबलीस का, हेमा? की लेकीला धीर द्यायला म्हणालीस? की विमानात बसायचं त्राण नव्हतं, आणि ते सांगायला लाज वाटली म्हणून माझी गोष्ट पुढे केलीस? मी दिवसातून दहा वेळा तुला हे विचारतो, आणि दहाही वेळा मला सोयीचं उत्तर माझ्याच आवाजात ऐकू येतं. तुझ्या आवाजात एकदाही नाही. शहाऐंशी वर्षांच्या नानांनी चार हिवाळे मुलीची वाट बघितली. शेवटी त्यांनी तुला फोनच्या पडद्यावर बघितलं, फुलांत, आठ हजार मैलांवरून, आणि अधूनमधून चित्र अडकत होतं.

काल चार जुलै होता. रेवानं सांगितलं होतं, ये, माझ्या शेजारी बस, बोलू नकोस. समालोचनाच्या त्या खोक्याएवढ्या खोलीत मी तिच्या डावीकडे बसलो. खाली मैदानात पोरं आईस्क्रीम सांडत होती, झेंडे, टोप्या, सगळा आनंदीआनंद. तिसरा डाव संपला. रेवानं आधी तुझं मराठी वाचलं, एकही जोडाक्षर न अडखळता. तिथल्या त्या म्हाताऱ्यांना काय कळलं असेल देव जाणे. मग इंग्रजीत तिन्ही नोंदी. मग चौथी. खिडकी, धुणारी बाई, उखडलेले बेस. माझ्यापेक्षा चांगली सांगितली तिनं. आमच्या मागे बसलेला ध्वनियंत्रणेचा माणूस डोळे पुसायला लागला. मी घामानं भिजलो होतो. आणि मग तिनं तशाच आवाजात सांगितलं, यातलं काहीच घडलेलं नाही. माझ्या आईनं एका मित्राकडे अशी एक गोष्ट मागितली होती, ज्यात कुणी हरत नाही. त्याला शोधावीशी वाटली नाही, म्हणून त्यानं ती बनवली. आई चार वर्षं ती खरी समजून जगली. मजेत जगली. आणि तिला घरी जायचं होतं, ते राहिलं. दोन्ही खरं आहे.

मी दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो. मला वाटलं होतं, शेवटी ती माईक माझ्याकडे सरकवेल. तिनं पाण्याचा घोट घेतला आणि चौथ्या डावाच्या पहिल्या फलंदाजाचं नाव सांगितलं.

सामन्यानंतर पार्किंगमध्ये तिच्या गाडीपर्यंत गेलो. म्हणालो, "नानांना मी फोन करतो. त्यांना मीच सांगायला हवं."

"नको," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर ते हसतील. मी सांगेन."

मग दार उघडून, आत न बसता, "काका, थोडे दिवस घरी येऊ नकोस. मी रागावले नाहीये. म्हणजे आहे. पण तू आलास की मला बरं वाटायला लागतं, आणि आत्ता मला ते नकोय."

"किती दिवस?"

"माहीत नाही. अँड काका, हे लिहिशील ना, तेव्हा शेवट गोड करू नकोस. प्लीज. मी तुला फोन केला, मी रडले, आपण पोहे खाल्ले, असलं काही नको."

ती गेली. मी माझी गाडी शोधत राहिलो. दमट हवा होती, गाड्या एकेक करून निघत होत्या, लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन चालले होते.

हेमा, तिनं मला फोन केलेला नाही. तू नानांना न भेटता गेलीस. मी तुला खोटं सांगितलं, आणि ते निस्तरायला माझ्याकडे चार वर्षं होती. यातलं काहीही मी बनवलेलं नाही.